रुसलेली ॲम्बेसिडर

लग्नात नवरदेव रुसला ही काय बातमी झाली? आमच्या साक्रीकडच्या गावांत त्या काळी नवरदेव रुसला नाही तर लोक काळजीनं विचारायचे, पोरगा आजारी-बिजारी आहे का. पण माझ्या लग्नात गाडीचं चाक रुसलं आणि त्यापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं, हे सांगायला लागले की धुळ्यातल्या माझ्या शेजारणी पदर तोंडाला लावून हसतात. हसा बायांनो. तुमच्या बापावर वेळ आली असती म्हणजे कळलं असतं.

आधी रुसणं म्हणजे काय ते सांगते. नवरदेव गाडीतून खाली उतरायचा नाही. तोंडानं काही मागायचंही नाही, मागितलं तर तो लोभी ठरतो. नुसतं फुगून बसायचं. मग मुलीकडचे येणार, हात जोडणार, 'त्याले काय लागस ते ईचारा' म्हणून एकमेकांना पुढं ढकलणार, आणि शेवटी घड्याळ, रेडिओ, सायकल, जे काय असेल ते कबूल झालं की नवरदेव खाली पाय ठेवणार. एकदा रुसला की त्याला नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणाऱ्याच्या घरी पुन्हा सोयरिक करायला कुणी येत नसे.

त्यात काही शहाणे असे, की नुसतं रुसायलाही लाजायचे. त्यांची गाडी बरोब्बर गावच्या शिवेवर बंद पडायची. माझी मोठी बहीण पुष्पा, तिच्या नवऱ्याच्या जीपचा ब्रेक असाच शिवेवर बिघडला. आमच्या नानांनी दारातली दुभती म्हैस कबूल केली आणि काय चमत्कार बघा, ब्रेक आपोआप दुरुस्त झाला! पुष्पा म्हशीला हिरा म्हणायची. तिच्या सासऱ्यानं सहा महिन्यांत विकली.

नाना म्हणजे आमचे वडील, उखर्डू नाना. अख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं म्हणून आम्हीही. घरची म्हैस गेल्यावर त्यांनी दुसऱ्यांच्या गोठ्यातलं दूध गोळा करून धुळ्याला नेऊन घालायचा धंदा सुरू केला. आधी सायकलवर. मग कुठं एकदाची जुनी राजदूत मोटरसायकल आली, दोन्ही बाजूंना कॅन लटकवायला कड्या लावलेली. पहाटे ती फटफटली की गाव जागं व्हायचं. तिच्यावर आमचं घर चालायचं, धाकट्या भावाची शाळा चालायची, आणि खरं सांगायचं तर माझं लग्नही तिच्यावरच ठरलं होतं. नाना तिला पोरीसारखं पुसायचे. माय चिडायची, म्हणायची, आंडेरले, पोटच्या पोरीले, कधी इतलं पुसं नही.

म्हणून अभिमन मला पाहायला आला तेव्हा मी लाजबीज बाजूला ठेवली. तो धुळ्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा, अंगानं किडकिडीत, बोटं काळी. मोठी माणसं जरा बाहेर गेली तशी मी विचारलं, "तुम्ही लग्नात रुसणार का?"

तो दचकला. "म्हणजे?"

"म्हणजे गाडीतून उतरायचं नाही, काहीतरी घेतल्याशिवाय. असं करणार असाल तर आत्ताच सांगा. मी चहा परत नेते."

तो हसला. म्हणाला, "रुसायला मी काय लहान पोर आहे? नाही रुसणार. शब्द देतो."

तेवढ्या एका शब्दावर मी हो म्हणाले. माणूस बरा वाटला, नाक जरा मोठं होतं, पण चालवून घेतलं.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची, वैशाखातली. लग्न गोरजावर होतं. ऊन उतरायला लागलं तसा वऱ्हाडाचा ट्रक वाजतगाजत गावात आला. सासूबाई उतरल्या, नणंदा उतरल्या, बँडवाले उतरले, नवरदेव मात्र नाही. तो मागून ॲम्बेसिडरनं येतोय म्हणाले. सोबत त्याचे मामा आणि गाडीवाला. अभिमनचे वडील तो लहान असतानाच गेलेले. शिरपूरच्या या मोतीलाल मामांनीच त्याला वाढवलं, शिकवलं. त्यामुळं लग्नात मामांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

आम्ही वाट पाहतोय. बँडवाल्यांनी वाजवून वाजवून दम टाकला. भटजी सारखे मांडवाबाहेर जाऊन सूर्याकडं बघून यायला लागले. मला पिवळ्या शालूत गुंडाळून आतल्या खोलीत बसवलेलं, वर पत्रा, घामानं नुसती आंघोळ. शेवटी आमचा छगनकाका सायकल घेऊन शिवेकडं गेला. तो परत आला तेव्हा मी खिडकीतच होते.

"चाक पंचर शे," तो नानांना म्हणाला. "शिवेवरच. नट निघत नहीत."

एवढं ऐकलं आणि मांडवातली झाडून सगळी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मग एक म्हातारा खाकरला. कुणीतरी म्हणालं, "शिवेवरच?" दुसरा म्हणाला, "नट निघत नहीत, वा! हाई नवीनच शे." ब्रेक झाला, इंजिन झालं, आता नट!

मला काही कळेना. चाक पंक्चर होतं, होतं की. रस्ता म्हणजे काय चीज होती तेव्हा, फाट्यापासून गावापर्यंत नुसते दगड. पण नट निघत नाहीत? नाना मोटरसायकलचं चाक अंगणात बसून काढायचे, मी पाना द्यायची. नट निघत नाही असं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि बाहेर मोठा ट्रक उभा आहे, त्यातला एकही माणूस नवरदेवाला आणायला जात नाही, हे काय गौडबंगाल? मामांचा निरोप आल्याशिवाय त्यांच्यातलं कुणी हलत नसतं, हे मला नंतर कळलं.

वच्छलाआत्या माझ्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अवं बेबा, एवढं बी कळत नही? रुसना तो."

"त्यानं शब्द दिलाय," मी म्हणाले.

"शब्द देवाले काय जास?" आत्या म्हणाली आणि पंख्यानं वारा घालायला लागली. मला वाटलं तो पंखा तिच्याच डोक्यात घालावा.

छगनकाका दुसऱ्यांदा गेला. या खेपेला तो बराच वेळ लावून आला आणि त्याचा चेहराच सांगत होता. मांडवाच्या खांबाला धरून म्हणाला, "नवरदेव रुसना, नाना. गाडीमाईन उतरत नही."

"काय लागस?" नानांनी विचारलं.

"तोंडघाई सांगत नहीत. मी मोटरसायकलनं नाव काढं, तं मामा वर आभायकडे देखाले लागनात."

बस! मामांनी आभाळाकडं पाहिलं, यातच सगळ्यांना सगळं कळलं. कुणाला तरी आठवलं की साखरपुड्याच्या दिवशी मामांनी राजदूतच्या टाकीवर थाप मारून 'गाडी चांगली आहे' म्हटलं होतं. झालं, ठरलंच. मागितली कुणीच नव्हती, पण अख्खा मांडव ती द्यायची कशी हे बोलायला लागला. मी खिडकीतून ओरडले, "अरे पण त्यानं मागितली का?" माझ्याकडं कुणी पाहिलंही नाही. नवरीचा आवाज त्या दिवशी ऐकू येत नसतो.

नाना आत आले. खुंटीवरची किल्ली काढली. माझ्याकडं न बघता ताटात ठेवली, बाजूला हळद, कुंकू, अक्षता.

"नाना, उद्या दूध कशावर नेणार?"

"सायकल शे ना."

"धुळ्याला? सायकलवर? या वयात? पाय सुजतात तुमचे!"

ते थांबले. म्हणाले, "बेबे, तुनं लगीन व्हवाले पाहिजे. पुष्पानं व्हयनं, तुनं बी व्हई." आणि बाहेर गेले. मी पाहिलं, त्यांनी मांडवातला एक हार काढून राजदूतच्या दिव्याला घातला. खांद्यावरच्या नव्या कोऱ्या उपरण्यानं सीट पुसली. टाकी पुसली. मग कॅनच्या कड्या सोडवायला बसले, त्या काही निघेनात, तशाच ठेवल्या. मला इतका राग आला, इतका राग आला की रडूसुद्धा येईना.

मी उठले. आत्या म्हणाली, "कथी चालनी?" म्हटलं, "जिथं नवरदेव आहे तिथं." मागच्या दारानं निघाले. अंगाला हळद, हातात हिरव्या बांगड्या, आणि पायात मायच्या चपला. नाल्यातून शिवेकडं जवळची वाट होती. आत्या मागून पळत येत होती, "वं माय, लोक काय म्हनतीन, पलट वं पोरी!" तिला धाप लागलेली, पण पाठ सोडली नाही. म्हातारी मनानं चांगली होती, तोंडच तेवढं वाईट.

वाटेत मी ठरवून टाकलं होतं. त्याच्या तोंडावर सांगायचं, मोटरसायकलला हात लावलास तर परत जा. मग माझं काय व्हायचं ते होवो. पुष्पाला तरी निदान फसवून नेलं, मी डोळे उघडे ठेवून कशाला जाऊ?

शिवेवर पोचले आणि पाहते तर काय! काळी ॲम्बेसिडर एका बाजूनं जॅकवर उचललेली, मागचं डावं चाक चपटं. गाडी कलती, आणि आतला नवरदेवही कलता. मुंडावळ्या एका कानावर आलेल्या, मांडीवर लिंबू खोचलेली सुरी, दोन्ही हातांनी समोरची सीट धरलेली. गाडीवाला हनीफभाई मातीत फतकल मारून बसलेला, शर्ट काढलेला. चाकाखाली रॉकेलचा वास. नवरदेवाशी बोलण्याआधी मी चाकाकडं पाहिलं. बाकीचे नट निघून उपरण्यावर ठेवलेले होते. एकच उरला होता, आणि त्याच्या कडा घासून घासून गोल झाल्या होत्या.

म्हणजे चाक खरंच पंक्चर होतं. नटही खरंच अडकला होता. मग रुसवा कुठून आला?

"नट का निघत नाही?" मी हनीफभाईलाच विचारलं.

त्यानं वर पाहिलं. पिवळी नवरी समोर उभी पाहून तो आधी उठून शर्ट शोधायला लागला. मग त्याचा बांध फुटला. "कैसे निकलेगा, बहन? तुम्हारे मामाससुरने आवळला है! धुळ्यात निघताना पाइप लावून आवळला. कुसुंब्याला चहा प्यायला थांबलो, पुन्हा आवळला. नेरला पान खायला थांबलो, तिथं तर पाइपवर उभे राहिले! मी म्हटलं मामा, चाक आहे, तिजोरी नाही. ऐकतो कोण?"

हे प्रकरण असं, की आदल्या वर्षी मामा शिरपूरहून येत असताना त्यांच्या टॅक्सीचं चाक सुटून त्यांच्यापुढं पळत गेलं होतं. तेव्हापासून ते कुठल्याही गाडीत बसले की आधी नट आवळायचे. पाइप घरून आणायचे, गोणपाटात गुंडाळून. त्या दिवशी तर भाच्याचं लग्न! एकुलत्या भाच्याचा जीव त्या चार चाकांवर. मायेनं आवळले हो त्यांनी, वाईट मनानं नाही. पण माया असली म्हणून काय पाइपवर उभं राहायचं?

"मग थांबलात का? काढा ना उरलेला," मी म्हणाले.

हनीफभाईनं हातातला पाना खाली ठेवला. त्यानं बाभळीकडं पाहिलं. बाभळीखाली मोतीलाल मामा उभे होते, फेटा, धोतर, हातात तो पाइप.

"मामा बोले, रहने दे थोडा," हनीफभाई हळूच म्हणाला.

पुढचं सगळं त्यानं मला नंतर, लग्न झाल्यावर सांगितलं. छगनकाका दुसऱ्यांदा आला तेव्हा मामा घामाघूम होते. काकानं हात जोडून विचारलं, नवरदेवाला काय पाहिजे? मामा म्हणाले, मोठा पाना पाहिजे. काका समजून-उमजून हसला, म्हणाला, पाना तर देऊच, पण मनातलं सांगा. मामा भडकले, अहो मनात पण पानाच आहे! काका म्हणाला, संकोच करू नका, घरातली कोणतीही वस्तू सांगा, मोटरसायकल म्हणाल तर मोटरसायकल. तेव्हा मामांचा हात थांबला. आपण न मागता कुणी देतंय म्हटल्यावर भल्याभल्यांचा हात थांबतो. ते आभाळाकडं बघत म्हणाले, नवरदेवाच्या मनातलं नवरदेवालाच ठाऊक. आणि काका गेल्यावर हनीफभाईला म्हणाले, घाई नको करू.

पण मला त्या वेळी यातलं काही माहीत नव्हतं. मी सरळ गाडीच्या दाराशी गेले. अभिमननं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला, जणू आपण चुकीच्याच लग्नाला आलोय.

"तुम्ही रुसलात?"

"कोण? मी?"

"मग काय चाक?"

"मला केव्हापासून खाली उतरू देत नाहीयेत! मामा म्हणतात आमच्या घरचा रिवाज आहे, शिवेवर नारळ फोडून, पाय धुतल्याशिवाय नवरदेवानं जमिनीवर पाय टेकायचा नाही. मी म्हटलं तुमच्याकडची माणसं आली की पाय धुवून घेऊ. कोण आलं आणि कोण गेलं, मला काही सांगतच नाहीत. तिकडं बाभळीखाली बोलतात. मला तर लघवीलासुद्धा..." तो एकदम थांबला. नवरीपुढं काय बोलतोय हे लक्षात आलं त्याच्या.

आत्या माझ्या मागं उभी राहून फक्कन हसली. मला मात्र हसू येईना. हा खरं बोलतोय की शिकवल्याप्रमाणं बोलतोय? दारावर कान ठेवून माणसाचं मन ऐकू येत असतं तर किती बरं झालं असतं.

"माझे नाना मोटरसायकल घेऊन निघालेत," मी म्हणाले. "तुमच्यासाठी. तुम्ही रुसलात म्हणून."

"माझ्यासाठी? मला तर ती चालवताही येत नाही!"

"मामांना विचारा."

त्यानं कलत्या गाडीतून मान काढली. "मामा, हे काय म्हणतेय ही?"

मामा बाभळीखालून हलले नाहीत. "मी काही मागितलं का? तोंड उघडलं नाही मी. लोक मायेनं देतात, त्यांचा हात धरायचा का? आणि पोरी, तू इथं कशाला आलीस? नवरीनं असं येऊ नये. घरी जा."

"मामा, तुम्हाला माहीत होतं?" अभिमननं विचारलं.

मामा पाइप या हातातून त्या हातात घ्यायला लागले. आणि अभिमननं पुन्हा विचारलं नाही. तिथंच माझा धीर सुटला. तो मामांकडं बघत राहिला, मामा त्याच्याकडं. ज्या माणसानं त्याला वाढवलं, ज्याच्या घरचं अन्न त्याच्या अंगावर होतं, त्याला चारचौघांत उलटून बोलायचं? मला दिसत होतं, त्याच्यानं ते होणार नाही. काळी बोटं नुसती सुरीच्या मुठीवर वळत होती. म्हणजे शब्द गेला. भला असेल, गरीब असेल, पण मोटरसायकल जाणार ती जाणारच.

तेवढ्यात नाना आले.

राजदूतचा आवाज आला नाही, म्हणून आम्हाला ते आधी कळलेच नाहीत. ते गाडी ढकलत आणत होते. गावापासून शिवेपर्यंत, त्या दगडांच्या रस्त्यानं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातानं सीटवर ठेवलेलं ताट सावरत. उपरणं घामानं चिकटलेलं. मागं छगनकाका आणि गावातली चार माणसं, हात मागं बांधून, कुणी ढकलायलाही मदत करत नव्हतं. बापानं स्वतः द्यायची असते ना.

नानांनी मला पाहिलं. "तू कसाले उनी आठे?" एवढंच म्हणाले. रागानं नाही, लाजल्यासारखं.

अभिमननं गाडीचं दार उघडलं होतं. एक पाय बाहेर निघालेला. तो नानांना म्हणाला, "नाना, ढकलत का आणली? बंद पडली का?"

"नही," नाना म्हणाले. "चालू शे, एकदम चांगली शे. पन आते ती तुमनी शे. मी तिनावर कसा बसू?"

हनीफभाईनं मान खाली घातली. मी नानांच्या पायांकडं पाहत होते, वहाणेचा अंगठा तुटला होता वाटेत कुठंतरी.

अभिमननं बाहेर काढलेला पाय आत घेतला. धाडकन दार लावून घेतलं. गाडी जॅकवर हलली, हनीफभाई "ओ ओ" करत धावला. आतून, काच खाली करून, अभिमन मोठ्यानं म्हणाला, "मी रुसलो!"

मामांचा चेहरा खुलला. छगनकाका 'मी म्हटलं नव्हतं?' अशा नजरेनं सगळ्यांकडं पाहायला लागला. मी म्हणाले, "आत्या, चाल घरी." पण पाय उचलेना.

नानांनी ताट पुढं केलं. "रुसा, जावईबापू. तुमना मान शे. किल्ली ल्या."

"किल्ली नको," अभिमन म्हणाला. "मी काय मागतो ते ऐका. या गाडीवर तुम्ही बसा. किक मारा. मंडपापर्यंत चालवत न्या. आणि उद्या सकाळी तुमचं दूध याच गाडीवर धुळ्याला गेलं पाहिजे. हे कबूल असेल तर मी उतरतो. नाहीतर इथंच बसतो, मुहूर्त गेला तरी बसतो."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. नानांनाही तसंच वाटलं असावं. ते एकदा त्याच्याकडं, एकदा गाडीकडं, एकदा छगनकाकाकडं बघायला लागले. "म्हंजे... ल्यावानी नही?"

"अरे, हे काय?" मामा बाभळीखालून पुढं आले. "असं कुणी रुसतं का?"

"मामा," अभिमन म्हणाला, "नवरदेव रुसला की त्याला नाही म्हणायचं नाही. तुम्हीच शिकवलंय. मी पहिल्यांदा रुसलोय, मामा. तुम्ही नाही म्हणू नका."

मामा आता नाही कसं म्हणणार? रिवाज त्यांचाच. त्यांनी पाइपाकडं पाहिलं, मग राजदूतवरच्या त्या दोन कड्यांकडं, कॅन लटकवायच्या. बराच वेळ पाहिलं. मग नाक शिंकरलं आणि म्हणाले, "बसा व्याही. बसा गाडीवर. पोरगा ऐकायचा नाही, माझ्यावर गेलाय."

नानांना बसता येईना. पाय उचलायचे आणि खाली ठेवायचे. पहिली किक वाया गेली, दुसरीही. मग गाडी चालू झाली, आणि तो फटफट आवाज ऐकल्याबरोबर नानांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना पाहिलं. पुष्पाच्या लग्नात म्हैस सोडतानासुद्धा रडले नव्हते.

अभिमन धडपडत खाली उतरला. मामा ओरडले, "पाय! पाय धुवायचे राहिले!" तशी वच्छलाआत्यानं हनीफभाईचा रेडिएटरच्या पाण्याचा डबा उचलून नवरदेवाच्या पायांवर ओतला. "झाया रिवाज!" ती म्हणाली. नारळ हनीफभाईनं फोडला, बंपरवर.

मी अभिमनकडं पाहिलं. बोलायचं खूप होतं, पण तोंडातून निघालं, "मुंडावळ्या सरळ करा." त्यानं केल्या. त्या आणखीच वाकड्या झाल्या.

नानांनी मान वळवली. "बेबे, बस मांगे. मुहूर्त चालना."

मी बसले. हळद लावलेली नवरी बापाच्या मागं राजदूतवर, असं आमच्या गावात आधी कुणी पाहिलं नव्हतं. मागं मामा आणि भाचा दोघं मिळून त्या पाइपवर उभे राहिले होते, हनीफभाई "दम लगाव!" म्हणत होता. कडाड असा आवाज आला. नट सुटला की पाइप मोडला, मी मागं वळून पाहिलं नाही.

मांडवात शिरलो तर माणसं उठून उभी राहिली. वाद्यं थांबली. मोटरसायकल परत आली, नवरदेव नाही, म्हणजे सोयरिक मोडली असं धरून मायनं हंबरडा फोडायला तोंड उघडलं. कुणीतरी घाबरत विचारलं, "नाना, काय व्हयनं? रुसवा निंघना नही का?"

नानांनी गाडी बंद केली नाही. चालू गाडीवर बसूनच, डोळे न पुसता, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "रुसना व्हता मना जवाई. लय रुसना व्हता. जे मांगं ते दिधं मी!"